संक्रांतीआधी नायलॉन मांजाविरुद्ध मोहीम: सुरुवात नेमकी कुठून करावी?

पंचवटीकर (प्रश्न)

नमस्कार. मी पंचवटीत राहते. आमच्या वसाहतीतील आठ-दहा जणांच्या वतीने हा प्रश्न मांडत आहे. उत्तरे देणाऱ्यांनी आम्हाला या कामात अगदी नवखे समजूनच लिहावे, अशी विनंती आहे.

गेल्या संक्रांतीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी, पतंगांचा हंगाम संपला असे सर्वांनी धरून चालल्यावर, आमच्या इमारतीमागच्या पिंपळावर एक वंचक नायलॉनच्या दोऱ्यात अडकून उलटा लटकलेला दिसला. वंचक म्हणजे नदीकाठच्या चिखलात रंगाने इतका मिसळून गेलेला बगळा, की आपण दोन हातांवर जाईपर्यंत तो दिसत नाही आणि उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतात. आम्हाला तो दिसला तेव्हा त्या दोन पंखांपैकी एकच हलत होता. अग्निशमन दलाच्या जवानांनी शिडी लावून त्याला खाली आणले. परंतु दुसरा पंख दोऱ्याने आवळून काळा पडला होता आणि संध्याकाळपर्यंत तो पक्षी गेला. तो तिथे किती वेळ होता हे आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नाही, कारण त्या झाडाखालून रोज ये-जा करणाऱ्यांपैकी कोणीही वर पाहिले नव्हते. मीही पाहिले नव्हते.

याचे अधिक वाईट वाटते ते यासाठी, की त्याच संक्रांतीला आम्ही मोहीम राबवली होती. १२ आणि १३ जानेवारीला जवळच्या शाळेत चित्रकला स्पर्धा घेतली, मुलांची प्रभातफेरी काढली, नायलॉन मांजा वापरणार नाही अशी शपथ दिली. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांच्या हातात गच्चीवर तोच दोरा होता. मी मुलांना दोष देत नाही. तो दोरा डिसेंबरमध्येच घरात आला होता, पैसे देऊन झाले होते आणि शपथ त्यानंतर आली.

आता दसरा नुकताच झाला आहे, दिवाळीला अजून काही दिवस आहेत, म्हणजे या वेळी हाताशी वेळ आहे. तो कशावर खर्च करावा, हे विचारायचे आहे. दुकानांत जाऊन विचारले तर ‘आम्ही ठेवत नाही’ असे उत्तर मिळते, आणि ओळखीचा मुलगा गेला तर तोच माल मागच्या खोलीतून निघतो. तक्रार करायची तर कोणाकडे आणि कोणत्या कायद्याखाली करायची, याची आम्हाला नीट कल्पना नाही. शिवाय सोसायटीच्या बैठकीत दर वेळी एक आक्षेप येतो, की कोंबडी खाणाऱ्यांनी पक्ष्यांचा कळवळा दाखवू नये, आणि त्यावर आमच्यातलेच अर्धे लोक गप्प बसतात. शेवटचा प्रश्न कदाचित तात्त्विक वाटेल, पण आम्हाला तो रोज भेटतो: लोकांशी बोलताना भूतदयेची भाषा वापरावी की प्राण्यांच्या हक्कांची? दया म्हटले की लोक मान डोलावतात आणि विसरतात; हक्क म्हटले की वाद घालतात.

निफाडचा पशुवैद्यक

पंचवटीकर ताई, तुमच्या वंचकाच्या बाबतीत जे झाले ते मी दर वर्षी पाहतो. म्हणून आधी मला जे ठाऊक आहे तेवढेच सांगतो. कायद्याचे आणि दुकानांचे इतर सांगतील.

पक्ष्याच्या खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला त्वचेचा एक पातळ पडदा ताणलेला असतो आणि त्याच्या कडेतून एक स्नायुबंध जातो. उडताना पंख ताठ राहतो तो या बंधामुळे. पक्षी वेगाने येऊन दोऱ्यावर आदळतो तेव्हा बहुतेक वेळा पहिला घाव याच जागी बसतो. जखम ताजी असेल तर ती शिवता येते, पण काही तासांत कडा सुकतात आणि मग टाके घालूनही पंख पूर्ण उघडत नाही. घारीला किंवा घुबडाला अर्धा पंख म्हणजे उपासमार. तिला शिकार करता येत नाही. म्हणून तुमच्या मोहिमेतील पहिले काम मी असे सुचवीन, की दहा माणसांना जखमी पक्षी कसा हाताळावा हे दिवाळीपूर्वी नीट शिकवावे.

यात चांगल्या मनाची माणसे ज्या चुका करतात त्या मी स्पष्टच लिहितो. दोरा ओढून काढू नये; तो मांसात रुतलेला असतो आणि ओढला की करवतीसारखा चालतो. दोन्ही बाजूंनी कात्रीने कापून, रुतलेला भाग तसाच ठेवून पक्षी आणावा. चोचीत पाणी ओतू नये, कारण पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि ते पाणी सरळ फुप्फुसाकडे जाते. दूध तर कधीच देऊ नये. खांद्याजवळचे हाड मोडून बाहेर आले असेल तर जखमेवर पाण्याची धारही सोडू नये. अनेक पक्ष्यांचे ते हाड पोकळ असते आणि आतून श्वासाच्या पिशव्यांना जोडलेले असते, त्यामुळे ती जखम धुणे म्हणजे पक्ष्याला बुडवणे होय. सुती पंचा अंगावर टाकून त्याला उचलावे, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात आणि शांततेत ठेवावे आणि शक्य तितक्या लवकर उपचारासाठी न्यावे. मुलांना त्याच्याभोवती गोळा होऊ देऊ नये. आपल्याला ती माया वाटते, पक्ष्याला मात्र ते भक्ष्य होण्याचे भय असते. बगळा, वंचक उचलताना चेहरा दूर ठेवावा. घाबरलेला बगळा डोळ्यांचा नेम धरतो. घारीची चोच नव्हे, नख्या सांभाळाव्यात.

वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आणि पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा क्रमांक जिन्यातल्या फलकावर लिहून ठेवा. वन्य पक्षी घरी ठेवून सांभाळण्याचा मोह टाळावा. तो कायद्यानेही चालत नाही आणि त्याच्या हिताचाही नसतो. विजेच्या तारेवर अडकलेला पक्षी मात्र स्वतः काठीने काढायला जाऊ नये. आधी वीज कंपनीला कळवून प्रवाह बंद करून घ्यावा.

हे प्रशिक्षण मी मोहिमेच्या शेवटी नव्हे, सुरुवातीला का ठेवतो, तेही सांगतो. चिरलेला पंख हातात धरून दवाखान्यात आलेल्या मुलाला मी पुन्हा नायलॉनचे रीळ घेताना पाहिलेले नाही. शपथ घेतलेल्यांबद्दल मला तसे सांगता येणार नाही.

येवलेकर

मी पतंगवाला आहे, हे आधीच सांगतो. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस आमच्याकडे कोणी गच्चीवरून खाली उतरत नाही, हलकडी हे वाद्य वाजत असते आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या हाती दोरा गुंडाळायची आसारी असते. अशा मोहिमा आमच्याशी बोलत नाहीत, आमच्याविरुद्ध बोलतात, आणि त्यामुळे पतंग उडवणारा माणूस पहिल्याच वाक्याला कान बंद करतो. तुम्ही तसे करू नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

नायलॉन का घेतला जातो, हे समजून घ्या. साधा सुती दोरा आणून, सरस शिजवून, काचेची पूड आणि रंग कालवून, दोन खांबांमध्ये दोरा ताणून मांजा सुतायला पूर्ण एक दिवस जातो आणि बोटे कापतात. तो दोरा जपून वापरावा लागतो, आणि पेच लागला की ढील द्यायची की खेच मारायची याचा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. नायलॉन तयार मिळतो, स्वस्त पडतो, सहजासहजी तुटत नाही आणि ज्याला काहीच येत नाही तोही त्याने दहा पतंग कापतो. त्याला लोक चिनी मांजा म्हणतात, त्यामुळे तो कुठून तरी लांबून येतो अशी समजूत होते. प्रत्यक्षात तो आपल्याच देशात मोठ्या प्रमाणावर तयार होतो. मुलाला ‘पक्षी मरतात’ एवढेच सांगून थांबू नका. त्याला हेही सांगा, की ज्या दोऱ्याने काटाकाटीतले कसबच संपले, त्याने जिंकण्याला आमच्या गच्चीवर कोणी मान देत नाही. हे वाक्य शिक्षकाने सांगून उपयोग नाही. ते एखाद्या जुन्या पतंगबाजाने सांगितले पाहिजे. तुमच्या भागात असा माणूस नक्की असेल, जुन्या नाशकात तर हमखास असेल. त्याला फेरीच्या पुढे उभे करा.

आता माझ्याच बाजूचा दोष. सुती मांजा निर्दोष आहे असे मी पूर्वी मानत असे. काच लावलेला सुती दोराही पंख कापतोच. फरक एवढाच, की तो ताण पडला की तुटतो आणि एका पावसाळ्यात कुजतो. नायलॉन तुटतही नाही आणि कुजतही नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवर एक गव्हाणी घुबड पडले. तो दोरा माझा होता, मी सुतलेला, मी रंगवलेला. रंगावरून मला तो ओळखू आला. त्यानंतर मी दोऱ्याला काच लावणे सोडले. साध्या दोऱ्याने उडवतो, पेच कमी लागतात, पतंग उंच जातो. माझ्या मुलाला आता काचेचा दोरा ठाऊकच नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. पक्षी पहाटे थव्याने बाहेर पडतात आणि दिवस मावळताना परततात. वटवाघळे आणि घुबडे त्याच सुमारास निघतात. गुजरातेत २०१७ पासून संक्रांतीच्या दिवसांत पक्षी वाचवण्याची जी सरकारी करुणा मोहीम चालते, तीही सकाळी लवकर आणि सायंकाळी पतंग उडवू नका असेच सांगते. सण बंद करा म्हटले तर भांडण होईल. सकाळी नऊनंतर चढवा आणि पाचला उतरवा म्हटले तर बहुतेक घरे ऐकतील, कारण त्यात त्यांचे काहीच जात नाही. हे आम्ही तीन गल्ल्यांमध्ये करून पाहिले आहे. पाच वाजता हलकडी थांबवली की पतंगही उतरतात. वेगळे सांगावे लागत नाही.

आणि दुकानदाराकडे जायचे तर आताच जा. माल दिवाळीनंतर भरला जातो. एकदा पैसे गुंतले की तो तुमचे ऐकून नुकसान सोसणार नाही. आज गेलात तर सुती दोऱ्याची आगाऊ मागणी तुमच्या वसाहतीतर्फे नोंदवा: शंभर रिळे म्हणा, जेवढी घेता येतील तेवढी. दुकानदाराला उपदेश नको असतो, गिऱ्हाईक हवे असते.

गंगापूर रोड

कोंबडीच्या आक्षेपावर कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते. मी स्वतः मांसाहार सोडला आहे, पण तो सोडणे ही अशा मोहिमेत येण्याची अट असू नये, असे माझे मत आहे. तरीही हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. तो घेणाऱ्याला शांतपणे विचारावे, की दुचाकीच्या हॅन्डलला पाय बांधून उलट्या लटकवलेल्या जिवंत कोंबड्या आपण रोज पाहतो, त्या तशा न्यायलाच हव्यात का? खाण्यासाठीसुद्धा त्या यातनेची गरज नसते. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यातील कलम ११ मध्ये, विनाकारण वेदना होईल अशा रीतीने किंवा अशा स्थितीत प्राण्याला वाहून नेणे हा गुन्हाच मानला आहे. म्हणजे मांस खाणारा माणूसही त्या कोंबडीच्या बाजूने बोलू शकतो, आणि बोलला तर त्याचे बोलणे अधिक ऐकले जाईल. तुमचा वंचक उलटा लटकला होता. तीही उलटीच लटकते. बैठकीत गप्प बसलेल्या अर्ध्या लोकांना हे सांगून पाहा.

मी मात्र एक भीती मांडते. संक्रांत झाली की पक्षिप्रेम संपते. उन्हाळ्यात विटा आणि वाळू वाहणारी गाढवे, ऊस वाहणारे बैल यांच्याकडे याच संवेदनेने कोणी पाहत नाही. ओझ्याच्या जनावरांविषयी १९६५ पासून नियम आहेत: गाढवाच्या पाठीवर ५० किलोपेक्षा जास्त ओझे नको, दिवसात नऊ तासांहून अधिक काम नको, सलग पाच तासांनंतर विश्रांती हवीच, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर जुंपायचेच नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ३७ च्या वर जातोच. ज्यांच्या पोटावर हे बेतते त्या माणसांशी बोलताना अधिक नाजूकपणा लागतो, कारण गाढवाचा मालकही त्याच उन्हात असतो. ठेकेदाराशी बोलावे, गाढववाल्याशी नव्हे, एवढे मी अनुभवाने शिकले. तुमचा गट टिकला तर हे पुढे नक्की घ्यावे.

जिल्हा न्यायालयाजवळचा वकील

कायद्याची बाजू क्रमाने मांडतो. पंचवटीकर यांनी कोणते कलम विचारले आहे, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की जे कलम सर्वांना आठवते ते येथे सर्वांत दुबळे आहे.

१९६० च्या कायद्यात कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे किमान १० आणि कमाल ५० रुपये. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा घडला तर २५ ते १०० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे आकडे अनेक दशके जुने आहेत. ते वाढवण्यासाठी दुरुस्तीचा मसुदा केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी ठेवला होता. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला मारणे किंवा विकलांग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु तेथे हेतू किंवा जाणीव सिद्ध करावी लागते, आणि कोणाच्या गच्चीवरील दोऱ्याने तुमचा वंचक गेला हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून जखमी पक्ष्यापासून मागे जाऊन आरोपी शोधण्याचा नाद सोडावा आणि दोरा विकला जातो त्या जागी उभे राहावे.

तेथे कायद्याचा आधार भक्कम आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि इतर कृत्रिम, न कुजणाऱ्या मांजाचे उत्पादन, विक्री, साठवणूक, खरेदी आणि वापर यांवर देशभर बंदी घातली. शिवाय संक्रांतीच्या सुमारास पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील १४४ च्या जागी आलेल्या कलमाखाली, मनाई आदेश काढू शकतात. त्या आदेशाचा भंग न्याय संहितेच्या कलम २२३ मध्ये बसतो, आणि त्या भंगाने माणसाच्या जिवाला धोका होत असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नायलॉनच्या दोऱ्याने दुचाकीस्वारांचे गळे चिरल्याच्या घटना नाशिककरांना सांगायला नकोत, त्यामुळे धोक्याचा मुद्दा मांडणे कठीण नाही. एक तांत्रिक बाब लक्षात ठेवावी: कलम २२३ मध्ये न्यायालय दखल घेते ती संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवर. म्हणून नुसते दूरध्वनी करून थांबू नये, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. पर्यावरण संरक्षण कायद्याविषयी जुन्या पत्रकांत अजून पाच वर्षे कैद असे छापले जाते. ते आता बरोबर नाही. १ एप्रिल २०२४ पासून तेथे कैदेऐवजी १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला आहे. दुकानदाराला हा आकडा सांगितला की तो ऐकतो, असा माझा अनुभव आहे.

अर्ज कसा असावा, याविषयी. दुकानाचे ठिकाण, तारीख, वेळ, काय मागितले, काय दिले, किती पैसे घेतले, एवढे साध्या वाक्यांत लिहा. विशेषणे नकोत. पावती मिळत नाहीच, तेव्हा रिळाच्या वेष्टनाचे छायाचित्र जोडा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या आणि आवक क्रमांक टिपून ठेवा, कारण आठ दिवसांनी चौकशीला गेल्यावर पहिला प्रश्न तोच असतो. रीळ स्वतः विकत घेऊन पुरावा करण्याची कल्पना अनेकांना सुचते. खरेदीवरही बंदी आहे, हे विसरू नये. मुलांना तर या कामाला कधीच पाठवू नये. माल जप्त करून पंचनामा करणे हे पोलिसांचे काम आहे, आपण पंच म्हणून उभे राहण्याची तयारी दाखवावी. ती तयारी फार थोडे लोक दाखवतात आणि तेथेच प्रकरणे सैल पडतात.

२००१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असणे बंधनकारक आहे. तुमच्या गटाने जिल्हाधिकारी कार्यालयात एक अर्ज देऊन तिच्या बैठकीत मांजाचा विषय डिसेंबरपूर्वी घ्यावा अशी मागणी करावी. अशा मागणीला खर्च शून्य असतो आणि ती कार्यवृत्तात नोंदली जाते.

दया की हक्क, या प्रश्नावर न्यायालयांचेही एकमत सोपे नव्हते. २०१४ मध्ये जल्लिकट्टू या तमिळनाडूतील बैलांच्या खेळाविषयीच्या नागराज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या प्रतिष्ठेची आणि भूक, भय, वेदना यांपासूनच्या त्यांच्या मुक्ततेची भाषा वापरली. २०२३ मध्ये घटनापीठाने, प्राण्यांना मूलभूत हक्क बहाल करायला पूर्वाधार नाही असे म्हणत, महाराष्ट्राच्या बैलगाडा शर्यतीसह अशा खेळांना परवानगी देणाऱ्या राज्यांच्या दुरुस्त्या कायम ठेवल्या. मात्र संविधानातील अनुच्छेद ५१-अ मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून आले आहे, ते जसेच्या तसे आहे. माझे स्वतःचे मत विचाराल तर अर्जात कायदा लिहावा आणि गच्चीवर त्या वंचकाची हकीकत सांगावी. आपल्या जिल्ह्यात तर हे सांगणे अधिकच सोपे आहे. इगतपुरी तालुक्यातील टाकेदला जाऊन आलेल्या प्रत्येक मुलाला पंख छाटलेला पक्षी जमिनीवर पडणे म्हणजे काय हे ठाऊक असते. जटायूचे तीर्थ तेथे आहे.

तपोवनातली सकाळ

सर्वांनी संक्रांतीपूर्वीचे सांगितले. मला त्यानंतरचे सांगायचे आहे, कारण पंचवटीकर यांचा वंचक संक्रांतीच्या दिवशी अडकलेला नव्हता, आणि या सगळ्या चर्चेत मला तीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते.

आम्ही पाच जण फिरायला जातो तेव्हा गेली चार वर्षे जानेवारीच्या शेवटापासून झाडांवरचा दोरा उतरवतो. आंबे काढायच्या आकडीला लांब बांबू जोडला की बराच पल्ला येतो. त्याच्या वरचे अग्निशमन दलाला किंवा झाडावर चढण्याचा सराव असलेल्या माणसाला सांगावे लागते. दोरा खेचू नये, गुंडाळत आणावा. पहिल्या वर्षी आम्ही खेचला आणि तो फांदीत आणखी घट्ट बसला. हातात जाड मोजे हवेत, आणि ज्या फांदीवर घरटे दिसेल ती त्या दिवशी सोडून द्यावी. हे काम मे संपण्यापूर्वी उरकावे, कारण पावसाच्या सुरुवातीला बगळे आणि वंचक घरट्यांसाठी काटक्या गोळा करतात तेव्हा हाच दोरा उचलून नेतात. गेल्या वर्षी वादळात पडलेले एक घरटे आम्हाला मिळाले. काटक्यांमध्ये हिरवा नायलॉन विणला गेला होता आणि एका पिलाचा पाय त्यात होता. पाय सुटला, पण बोटे गेली होती.

काढलेला दोरा तसाच कचऱ्यात टाकू नका. तो गुंता गायीच्या पोटात किंवा कुत्र्याच्या पायात जातो. कात्रीने वीतभर तुकडे करून, पिशवीत बांधून, घंटागाडीत सुका कचरा म्हणून द्या. जाळू तर मुळीच नका. आणि किती निघाला ते वजन करून वहीत लिहा. कोणत्या झाडावर, कोणत्या तारखेला, किती ग्रॅम, हे चार वर्षांचे आमच्याकडे आहे. दुकानदारापासून नगरसेवकापर्यंत कोणाशीही बोलताना ती वही उघडून ठेवली की बोलणे कमी करावे लागते.

पंचवटीकर

सर्वांचे मनापासून आभार. रात्री आमच्या गटात हे सगळे मोठ्याने वाचले. ठरले ते असे: येत्या आठवड्यात दोन दुकानांत सुती दोऱ्याची मागणी नोंदवायची, शाळेतला कार्यक्रम जानेवारीतून काढून नोव्हेंबरच्या शेवटी घ्यायचा आणि त्यात भाषणाऐवजी जखमी पक्षी खोक्यात कसा ठेवायचा हे पशुवैद्यकांकडून दाखवायचे. जिल्हाधिकारी कार्यालयाचा अर्ज मी लिहिते आहे. जुन्या नाशकातील एक आजोबा पतंग बनवत असत, त्यांच्याकडे आमच्यातील एक जण उद्या जाणार आहे.

‘तपोवनातली सकाळ’ यांचे वाचल्यावर मी आज पहाटे त्या पिंपळाखाली जाऊन उभी राहिले. वंचक ज्या फांदीवर होता तिथला दोरा तेव्हा कापला होता, म्हणून झाड मोकळे झाले असे आम्ही समजत होतो. ऊन चढल्यावर वर आणखी तीन ठिकाणी तो चमकताना दिसला. पूर्ण पावसाळा त्याच्यावरून गेला आहे आणि त्याचा रंगही उतरलेला नाही. रविवारी सकाळी सातला आम्ही तिथे जमतो आहोत. आकडी शेजारच्यांकडे आहे, बांबू आणायचा आहे. तुमच्यापैकी कोणी येऊ शकले तर वजनाचा काटा बरोबर आणावा.